औरादची मुलगी

“सांगितलं तर कुणाचा इस्वास बसायचा न्हाई,” प्रभुलिंग म्हणाला आणि खुर्ची मागं रेटून त्यानं पाय लांब केले. गेली बारा वर्षं तो ही गोष्ट याच वाक्यानं उघडत आला होता. हुमनाबादच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कॉलेजातल्या पोरांपुढं, एकदा तर सोलापूरला दातांच्या डॉक्टरकडं तोंडात कापूस धरून. आणि बारा वर्षांत कुणी एकदाही अविश्वास दाखवला नव्हता. उलट माणसं खुर्च्या ओढून जवळ यायची. आज मात्र वाक्य बाहेर पडलं आणि त्याला वाटलं, जिभेवर काहीतरी मागं राहिलंय, तुरीच्या टरफलासारखं, टाळूला चिकटलेलं. थुंकताही येईना, गिळताही येईना.

प्रश्न साधा होता. मल्लेश्वरीला कामाला लागून तीनच आठवडे झाले होते. औरादच्या पलीकडच्या खेड्यातली, बिदरला शिकलेली, बोलताना मधेच तेलुगूत आकडे मोजणारी पोरगी. ‘सोयरिक’ नावाची त्यांची जुनी वधू-वर साइट नव्या मशीनवर हलवायचं काम त्यानं तिला दिलं होतं. जुन्या मशीनमध्ये तारखेवार नकला पडलेल्या होत्या, त्यातली एक उघडून ती खिडकीशी वाचत बसली आणि मग मान वळवून म्हणाली, “सर, ही ओळ तुमी लिव्हलाव?” कुठली, असं त्यानं विचारलं. “ही. मुलीनं दिलेलं उत्तर ठेवायची जागा. सगळ्यांत मिळून एकच जागा कामून केलाव? धा मानसं एकदम आली की एकाचं दुसऱ्याला जातंय की.” आणि मग, कसलाही डंख नसलेल्या आवाजात, “पैल्या वर्षाची पोरं करतेत बगा असली चूक.”

खाली तुरीच्या डाळीचं दुकान. उन्हाळ्यात दुपारी त्या डाळीची धूळ जिन्यानं वर यायची आणि कूलरच्या वाळ्यात भिजून तिला ओल्या पोत्यासारखा वास सुटायचा. तो वास आत्ता एकदम प्रभुलिंगच्या नाकात भरला. जणू इतका वेळ तो श्वास घेतच नव्हता. ती नक्कल अजून आहे हे तो विसरला होता. विसरला होता असंही नाही. घरातल्या एखाद्या खोलीत आपण जात नाही, जात नाही म्हणता म्हणता ती खोली नाहीच असं वागायला लागतो, तसं. पलीकडच्या टेबलावर त्याची थोरली बहीण उमाक्का वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होती. कार्यालयाचे फोन, नोंदी, येणाऱ्या आईबापांशी कधी कन्नडात कधी मराठीत गोड बोलणं, आणि संध्याकाळच्या भाजीची तयारी, हे सगळं ती त्याच एका टेबलावर उरकायची. तिनं वर पाहिलं आणि ती हसली. “सांग की रे तिला. माझं लगीन मशीननं कसं मोडलं ते सांग. खानावळीपासनं सांग पण, मधूनच नको.”

मग सांगणं आलंच.

“खानावळ बघितलीस न्हवं आपल्याकडची? कडक रोटी, शेंगाची चटणी, ताक,” प्रभुलिंगनं सुरुवात केली. “आता समज, आत आचारी एकच हाय आणि भायेर वाढपी धा. आचाऱ्याच्या दारात पाटी टांगलेली. वाढप्यानं गिऱ्हाइकाला इचारायचं, पाटीवर लिव्हायचं, आचाऱ्यानं वाचून ताट भरायचं. सर्व्हर म्हंजे ही खानावळ. येनारं हरेक मानूस म्हंजे एकेक वाढपी, त्याला आपन थ्रेड म्हंतो. हरेक वाढप्याच्या खिशात आपली आपली चिठ्ठी पायजे. म्या गाढवानं काय केलं? चिठ्ठ्या दिल्याच न्हाईत. पाटीच ठेवली. एकच.” “व्हय,” मल्लेश्वरी म्हणाली. तिला हे सगळं माहीत होतं, तरी ती ऐकत होती. खानावळ त्याला सुचली होती ती नेमकी कधी, ते त्याला लख्ख आठवत होतं. त्या दिवशी त्याला भूक लागली होती. माणूस आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं रचत असतो आणि त्याला भूक लागते, हे त्याला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

“तर दोन हजार बाराची गोष्ट,” त्याचा आवाज चालला होता. आवाजाला वाट पाठ होती, त्यामुळं तो स्वतः मोकळा होता कुठंही भटकायला. “अक्कानं सकाळी अकरा वाजता आपल्या मशीनवर बसून एका पोराला होकार दाबला. आणि त्याच टायमाला, सेकंदाचा हजारावा हिस्सा म्हण, तिकडं औरादात एका पोरीनं दुसऱ्याच एकाला नकार दाबला...” त्या पोराचं नाव शिवराज. गोष्टीत प्रभुलिंग हे नाव घेत नसे. बसवकल्याणचा, शेतकी खात्यात नोकरीला, अडतीस वर्षांचा. फॉर्म भरायला तो स्वतःच आला होता. बाकीच्यांचे मामा यायचे, काका यायचे, हा एकटा आला, हातात ओला झालेला रुमाल. उमाक्का तेव्हा चौतीस वर्षांची. आई गेली तेव्हा प्रभुलिंग आठवीत होता; त्याची डोक्याची खपली, त्याचा गणिताचा पेपर, त्याचं इंजिनिअरिंग, हे सगळं होईपर्यंत तिनं हळ्ळीखेडला पोरांच्या शिकवण्या घेतल्या आणि आलेल्या स्थळांना “यंदा नको” म्हणत राहिली. यंदा नको म्हणता म्हणता स्थळं यायची थांबली. शिवराजनं फॉर्म भरला आणि ‘अपेक्षा’ या रकान्यात, जिथं लोक गोरी, शिकलेली, नोकरीवाली असं लिहायचे, तिथं त्यानं लिहिलं: बोलणारी पाहिजे, घरात फार शांतता आहे. तो गेल्यावर उमाक्कानं तो फॉर्म टाइप करायला घेतला, त्या रकान्यापाशी थांबली, आणि हसली. मोठ्यानं नाही. पदराचं टोक ओठावर ठेवून, एकटीच. प्रभुलिंगनं ते दारातून पाहिलं. एकोणतीस वर्षं तो त्या बाईबरोबर राहिला होता आणि हे हसणं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते त्याच्यासाठी नव्हतं, त्याच्याबद्दल नव्हतं, त्यात त्याला कुठं जागाच नव्हती.  शाळेत असताना ती एकदा जत्रेच्या गर्दीत हातातून सुटली होती, तेव्हासारखं त्याला एकटं वाटलं.

“दोन वाढपी पाटीपाशी एकदम आले,” तो सांगत होता. “अक्काच्या वाढप्यानं लिव्हलं, होकार. आचाऱ्यानं मान वर करायच्या आत औरादवाल्यानं फडकं मारलं आणि लिव्हलं, नकार.” उमाक्का कोथिंबिरीची मुळं खुडत पुढचं वाक्य ओठांनी म्हणत होती. तिला सगळं पाठ होतं. काही वर्षांपासून तीच ही गोष्ट जास्त सांगायची. बायकांत बसली की म्हणायची, माझ्या लग्नात थ्रेड आडवा गेला बाई, आणि बायकांना वाटायचं थ्रेड म्हणजे कुणी भाऊबंद असेल. सगळ्या हसायच्या. तीही हसायची. ते हसणं वेगळं, ते सगळ्यांसाठी होतं.

शिवराजला उत्तर तिनं रीतसर दिलं. “तूच फोन करून टाक की त्याला,” असं तो म्हणाला तर म्हणाली, “न्हाई, नियम सगळ्यांना एकच,” आणि एखाद्या परक्या मुलीसारखी मशीनपुढं बसली, आपला नंबर घातला, होकाराचं बटण दाबलं, आणि उठून घरच्या किल्ल्या शोधायला लागली, ज्या तिच्या कमरेलाच होत्या. अकरा वाजले होते. त्या काळी निरोप लगेच जात नसत. दिवसभराचे साठवून दुपारी चारला सगळे एकदम सुटायचे. अकरा ते चार. त्या पाच तासांवर प्रभुलिंगनं पुढं किती विचार केला असेल, त्याची गणती नाही. पाच तासांत माणूस गुलबर्ग्याहून बसवकल्याणला जाऊन जेवून परत येतो. ती भाजी आणायला खाली गेली. तो तिच्या खुर्चीवर बसला. खुर्ची गरम होती. साइट त्याची, मशीन त्याचं, किल्ल्या त्याच्या. लोकांची उत्तरं जिथं साठायची त्या तक्त्यात तो कधीही उतरू शकत होता. उतरला. तिची ओळ काढली. होकार पुसून नकार लिहिला. अर्धं मिनिट लागलं नाही. बाहेर कुणीतरी सोडावॉटरची बाटली फोडली आणि तो दचकला, तेवढंच. त्यानं स्वतःला सांगितलं होतं, उद्या परत बदलू. एक दिवस. एका दिवसात आपण सावरू, तिच्याशी बोलू, ती गेल्यावर इथलं कसं चालवायचं ते ठरवू, आणि मग बदलू. चुकून गेलं म्हणून सांगू. त्याला खरंच तसं वाटलं होतं, की वाटलं होतं असं त्यानं नंतर ठरवलं, हे आता त्यालाही सांगता येत नव्हतं. इतक्या वेळा त्या खुर्चीपाशी तो मनानं जाऊन आला होता, की मूळचा माणूस तिथं बसलेला दिसायचाच बंद झाला होता.

पण आपल्या भागातली रीत त्याला माहीत होती. इथं होकार कळवायला माणूस जातो. नकार कुणी कळवत नाही. निरोप येत नाही, महिना जातो, दोन जातात, समोरचा समजून घेतो, आणि दोघांचीही मान ताठ राहते. एकदा का तोंडावर नाही म्हटलं, की त्या उंबऱ्यावर पुन्हा कुणी येत नाही. साइटनं ती रीत मोडली होती. ‘नापसंत’ हा शब्द, उघडा, मोबाइलवर, दुपारी चार वाजता. दुसऱ्या दिवशी उमाक्का सकाळपासून फोनपाशी बसली. तिसऱ्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता फोनची वायर नीट बसलीय का ते पाहिलं. प्रभुलिंग रोज मशीन उघडायचा आणि मिटायचा. आठव्या दिवशी त्यानं ओळ परत होकारावर आणली, पण निरोप एकदाच जातो. आता ती नुसती खरी झालेली ओळ होती, जिचा कुणाला काही उपयोग नव्हता. त्या अक्षय तृतीयेला शिवराजचं लग्न झालं. उमाक्का म्हणाली, “नसंल पसंत पडले. वय बी झालंय,” आणि तिनं त्या दिवशी पुरणाचा घाट घातला, कारण नसताना.

“मग तुमाला कळलं कसं?” मल्लेश्वरीनं विचारलं. हा प्रश्न नेहमी याच जागी यायचा.

“हुमनाबादच्या स्टँडवर!” उमाक्का पुढं सरसावली, हा भाग तिचा होता. “म्या बसमदी, आणि बाजूला येऊन बसली ती त्याची बहीण. म्हंती, तुमीच का त्या, ज्यांनी आमच्या अण्णाला नको म्हटलं? म्या म्हटलं, बाई गं, कोन नको म्हटलं? म्या तर व्हय म्हटले होते. ती माझ्याकडं बघायली, म्या तिच्याकडं बघायले. बस सुटली तरी दोघी तशाच.” तिनं कोथिंबिरीची जुडी झटकली. “आले ते तडक हितं. हा हितंच बसलेला. म्हटलं प्रभ्या, तुझ्या मशीननं काय केलंय बघ.”

तुझ्या मशीननं. तिनंच तो रस्ता दाखवला होता, भाबडेपणानं. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ती धापा टाकत होती, कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत गेली होती. प्रभुलिंगनं म्हटलं, “बघतो अक्का, तू पाणी पी.” ती पाणी प्यायला गेली, त्या वेळात त्यानं प्रोग्रॅम उघडला. तो चांगला लिहिलेला होता. आज कुणाला सांगून पटणार नाही, पण होता. येणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर त्याच्या त्याच्यापाशी, कुणाचा कुणाला धक्का लागणार नाही असं बेतलेलं. त्याच्या सरांनी एकदा सगळ्या वर्गापुढं तसा कागद धरून दाखवला होता. त्यानं ती एक ओळ आतून उचलली आणि बाहेर, सगळ्यांच्या माथ्यावर नेऊन ठेवली. सरळ चाललेल्या घड्याळाचा काटा मुद्दाम वाकवावा, तसं. बोटांना ते आवडलं नाही, बोटं अडखळली. मग उमाक्काला बोलावून त्यानं ती ओळ दाखवली आणि खानावळ सांगितली. तिनं डोळे बारीक करून त्या इंग्रजी अक्षरांकडं पाहिलं, जशी ती लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकाकडं पाहायची, आणि म्हणाली, “एवढ्याशा चुकीनं?” तो म्हणाला, एवढ्याशा चुकीनं. दुसऱ्या दिवशी त्यानं ओळ पुन्हा जागच्या जागी ठेवली. पण मधल्या त्या एका दिवसाची नक्कल मशीननं आपोआप काढून ठेवली होती, आणि तीच ही, बारा वर्षांनी, या पोरीच्या समोर.

तेवढ्यावर ते थांबलं असतं तरी चाललं असतं. चाललं नसतं, पण निभलं असतं. खरा घात पुढच्या वाक्यानं केला. दोन्ही उत्तरं पाटीवर गेली, अक्काचा होकार पुसला गेला, संपलं, एवढं पुरेसं होतं. पण गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या जिभेला अर्धवट गोष्ट सहन होत नाही. तुझा होकार पुसला, तर मग तो गेला कुठं, असं त्याला त्याच्याच जिभेनं विचारलं, आणि त्याच जिभेनं उत्तर दिलं: औरादच्या त्या पोरीकडं. अदलाबदल. तिचा नकार तुला, तुझा होकार तिला. असं म्हटल्यावर गोष्ट कशी टपोरी झाली, दोन्ही बाजूंनी भरली. तेव्हा त्याला जरा अभिमानही वाटला होता. उमाक्का मात्र जवळच्या खुर्चीवर हळूच बसली. “म्हंजे त्या पोरीला जो नको होता, त्याला तिचा होकार गेला?” तो म्हणाला, व्हय. “मग तिचं लगीन लावलं असंल की रे घरच्यांनी.” तो म्हणाला, लागलं असंल.

त्या दिवसापासून ती पोरगी घरात राहायला आली. उमाक्का स्वतःचं दुःख गिळून बसली असती. तिला त्याची सवय होती. पण आपल्यामुळं कुणी एक मुलगी नको त्या घरात पडली, हे तिला गिळेना. नाव विचारलं तर प्रभुलिंग म्हणायचा, नाव सांगता येत न्हाई, नियम हाय; आणि नियम म्हटलं की ती गप्प व्हायची. मग ती दुसरं विचारायची. काळी होती का गोरी? शिकलेली होती का? आणि तो द्यायचा. दरवर्षी थोडं. चष्मा दिला, बी.ए. दिलं, दारात एक म्हैस दिली, चुलत्याकडं वाढलेली म्हणून सांगितलं. जे जे दिलं ते ते उमाक्कानं जपून ठेवलं. एक इरकल साडी घेऊन तिनं कपाटात ठेवलीय, मोरपंखी, भेटली की द्यायला. औरादची बस दिसली की खिडक्यांतून चष्मेवाल्या बायका बघते. एकदा जेवताना मधेच म्हणाली, “तिला पोरंबाळं झाली असतील तर बरं हाय, न्हाई तर...” आणि घास तसाच हातात. तेव्हा सांगायचं होतं. त्या वेळी ताटात फक्त आमटी आणि भात होता, बाहेर कुणी नव्हतं, तोंड उघडायचं आणि सांगायचं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हटलं, “सुखी असंल गं, म्हैस हाय तिच्याकडं.” उमाक्का हसली आणि जेवली.

एकदा त्यानं तक्त्यात त्या औरादच्या पोरीची एक ओळ घालायचाही प्रयत्न केला होता, त्याच तारखेची, अकरा वाजताची. प्रोग्रॅममध्ये खोटी ओळ घातली, मग तक्त्यात घालायला काय जातंय? नावाच्या रकान्यापाशी तो अडला. जे नाव मनात यायचं त्याला तोंड फुटायचं, ते त्याच्याकडं बघायला लागायचं. त्यानं रकाना कोरा सोडला आणि मशीन बंद केलं.

“...आणि असं झालं बघ,” त्याचा आवाज शेवटाला आला होता, “अक्काचा होकार औरादला आणि औरादचा नकार अक्काला. एका पाटीपायी दोन घरं हिकडची तिकडं.” तो थांबला. इथं लोक चुकचुकायचे, कपाळाला हात लावायचे.  मल्लेश्वरीच्या भुवया जवळ आल्या होत्या. ती हवेत बोटानं काहीतरी लिहीत आणि पुसत होती.

“पन सर,” ती म्हणाली, “अदलाबदल कशी व्हईल?”

“म्हंजे?”

“पाटी एकच हाय न्हवं? अक्कानं लिव्हलं, होकार. तिनं पुसून लिव्हलं, नकार. आता पाटीवर काय हाय? नकार. आचारी अक्काचं ताट भरंल तवा बी नकार वाचील, तिचं भरंल तवा बी नकारच. जो शेवटी लिव्हतो त्याचंच दोघांना जातंय. होकार तर पुसला गेला की. तो तिला जाईलच कसा?”

 बारा वर्षांत इंजिनिअर पोरांनी ही गोष्ट ऐकली होती, डॉक्टरांनी ऐकली होती, एका तहसीलदारानं ऐकली होती. हा हिशेब कुणी केला नव्हता. गोष्ट इतकी भरलेली होती की कुणाला तिच्यात बोट घालावंसं वाटलं नव्हतं. प्रभुलिंगच्या कानशिलापाशी घाम आला. पण उमाक्काचा चेहरा त्यानं पाहिला आणि त्याला क्षणभर काही कळेनाच. तो उजळला होता.

“मल्लव्वा,” ती म्हणाली, हातातली कोथिंबीर तशीच, “म्हंजे तिला होकार गेलाच न्हाई म्हंतीस? तिचा नकार तिला बरोबर गेला?”

“व्हय अक्का. तिचं काम तिच्या मनासारखंच झालं असंल. तुमचं तेवढं चुकलं.”

“माझं जाऊ दे गं.” उमाक्कानं दोन्ही हात पदराला पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. आणि प्रभुलिंगला ते हसणं ओळखू आलं, पदराचं टोक ओठावर, एकटीच. “सुटली म्हन की पोरगी. बारा वर्सं माझ्या उरावर बसलेली हाय ती. प्रभ्या, ऐकलास का? सुटली रे ती.” मग एकदम तिला काहीतरी सुचलं. ती उठून खिडकीपाशी गेली, मल्लेश्वरीच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. “आता नाव सांगायला काय हरकत न्हाई न्हवं? तू तिकडचीच हाईस. नुसतं नाव काढून दे. जाऊन भेटते, साडी देते आणि येते. काई सांगत न्हाई तिला, नुसतं बघून येते.”

“अक्का, जुनं कशाला उकरायलीस,” प्रभुलिंग म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज खालच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. “तो डेटा ऱ्हायलाच न्हाई आता. बारा वर्सं झाली.”

“हाय की सर,” मल्लेश्वरी म्हणाली. “परवाच आनला न्हवं मी सगळा. पैल्या दिवसापासनंचा.” तिची बोटं चालूही झाली होती. “तारीख सांगा अक्का.”

उमाक्कानं तारीख सांगितली. अडखळली नाही. तो उठला, उठून काय करणार होता ते त्याला ठाऊक नव्हतं. मेनचा खटका दारापाशी होता, चार पावलं. लाइट गेली असं म्हणता आलं असतं; गुलबर्ग्यात उन्हाळ्यात लाइट जाते, कुणीही मानलं असतं. चार पावलं, आणि मग उद्यापर्यंत काहीतरी सुचलं असतं, एक नाव, एक चष्मा, एक गाव. त्यानं दोन पावलं टाकली. उमाक्काची पाठ त्याच्याकडं होती, मानेवरचे केस पांढरे, आणि ती चवड्यांवर उभी राहून पडद्यात बघत होती, जत्रेत लहान मूल कुणाच्या तरी खांद्यावरून बघतं तशी. त्याला खटक्यापर्यंत जाता आलं असतं. तो गेला नाही. ही एक गोष्ट आपण केली, असं पुढं कधी म्हणता येईल का, हा विचारही त्याच क्षणी त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःची किळस आली.

मल्लेश्वरीनं यादी वर केली, खाली केली. पुन्हा वर केली.

“एकच ओळ दिसायली अक्का, त्या दिवसाची.”

“नीट बघ. अकरा वाजताच्या सुमाराला.”

“अकरा वाजून चार मिनिटं. ही तुमची, होकाराची. तिच्या आदी न्हाई, नंतर न्हाई. आदल्या दिवशी तीन हाईत, दुसऱ्या दिवशी धा. औरादचं तर त्या अख्ख्या महिन्यात कुनीच न्हाई.” तिनं मान वळवून प्रभुलिंगकडं पाहिलं, कामातली अडचण विचारावी तसं, निरागस. “सर, दोघी एकदम आल्या म्हनलाव न्हवं? दुसरी कुठाय?”

त्याच्यापाशी उत्तर तयार होतं. तेच भयंकर होतं. जीभ हललीसुद्धा, त्या वर्षी दोन मशीनं होती, औरादकडच्या लोकांची उत्तरं दुसऱ्या मशीनवर उतरायची, ते मशीन पुढं वीज पडून जळालं, वीज पडली तेव्हा खाली दुकानात एक बैल बांधलेला होता, त्याला काही झालं नाही. बैलापर्यंत सगळं एका दमात डोळ्यांपुढं उभं राहिलं, चांगलं, टपोरं, दोन्ही बाजूंनी भरलेलं.

“त्याचं असं हाय अक्का,” तो म्हणाला, “त्या साली आपल्याकडं दोन मशीनं...”

उमाक्का वळली नाही. पडद्यावरच्या त्या एकट्या ओळीवर तिनं बोट टेकवलं होतं.

“मशीन एकच होतं,” ती म्हणाली. “पोरगी बी नव्हती. आत जायच्या किल्ल्या एकट्या तुझ्याकडं. माझं उत्तर तूच बदललास, प्रभ्या.”